पहिला गोल्फ सेट घ्यायचाय, भाऊ अमेरिकेहून आणतोय. त्याला काय सांगू?

पाषाणपाखरू (१४ नोव्हेंबर)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. इथे चार-पाच जण गोल्फ खेळणारे आहेत हे जुन्या गप्पांवरून कळलं, म्हणून हिंमत केली.

मी ४६ वर्षांची, उंची ५ फूट २ इंच. कॉलेजात बॅडमिंटन जीव तोडून खेळले, विद्यापीठाच्या संघात होते. चार वर्षांपूर्वी गुडघा गेला आणि डॉक्टरांनी उड्या मारायला कायमची बंदी घातली. तेव्हापासून काहीतरी खेळायला हवं ही तगमग आहेच. गेल्या महिन्यात ऑफिसातल्या मैत्रिणीने रविवारी सकाळी रेंजवर (गोल्फच्या सरावाच्या मैदानावर) नेलं. पन्नास चेंडूंची बादली, त्यातले पस्तीस तरी जमिनीवरूनच सरपटत गेले. पण एक असा बसला की हाताला काही जाणवलंच नाही, नुसता ‘टक्’ आवाज आला आणि चेंडू वर जाऊन तरंगत राहिला. स्मॅश रॅकेटच्या मधोमध बसला की व्हायचं ना, अगदी तेच. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता मुद्द्याचं. माझा थोरला भाऊ न्यू जर्सीत असतो. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात येतोय. तो म्हणतो, “पिशवीसकट पूर्ण सेट घेऊन येतो, तू फक्त कुठला ते सांग.” इकडे दुकानात विचारलं तर म्हणाले, मॅडम, लेडीज सेट घ्या, डोळे झाकून. मैत्रीण म्हणते हाफ सेट पुरे, तिचे यजमान म्हणतात जुना घ्या. ग्रॅफाइट, स्टील, फ्लेक्स, लॉफ्ट वाचून वाचून डोकं भंजाळलंय. दादाला तीन आठवड्यांत उत्तर द्यायचंय. तुम्ही कसा घेतलात तुमचा पहिला सेट?

चहाबाज

घरात ‘क्लब आणायचाय’ (म्हणजे गोल्फची काठी) असं मोठ्याने बोलू नका. आमच्या आजीच्या हिशेबी क्लब म्हणजे पत्ते आणि पत्ते म्हणजे घरादाराचा लिलाव! असो, धागा छान आहे, चहा टाकून बसलोय.

मुठेकाठचा

पाषाणपाखरू, स्वागत. तो एक फटका बसला ना, मग झालं. आता सुटका नाही.

मी बारा वर्षं खेळतोय. माझं स्पष्ट मत, भावाला तूर्त थांबवा. आधी दोन महिने रेंजवरचा नाहीतर उसना सात नंबरचा आयर्न (लोखंडी डोक्याची काठी) घेऊन शिका. स्विंग, म्हणजे काठी फिरवायची पद्धत, जरा तरी ठरल्याशिवाय कुठला सेट मानवेल हे कोणीच सांगू शकत नाही.

आणि १४ क्लब ‘लागतात’ हे डोक्यातून काढून टाका. १४ ही वरची मर्यादा आहे. अमेरिकेत १९३८ ला आणि ब्रिटनमध्ये १९३९ ला हा नियम आला, कारण त्याआधी लोक वीस-पंचवीस काठ्या घेऊन मैदानात उतरायचे आणि कॅडीच्या खांद्याचं पार भरीत व्हायचं. कमीत कमी किती असावेत याला नियमच नाही. चिक एव्हान्स या अमेरिकन गोल्फपटूने १९१६ ची यू.एस. ओपन फक्त सात क्लबांवर जिंकली, तीही लाकडी दांड्यांच्या.

घ्यायचेच झाले तर पटर (होलजवळ चेंडू हलकेच ढकलायची काठी), ५४ ते ५६ अंशांचा सँड वेज (अंश म्हणजे लॉफ्ट, काठीच्या तोंडाचा कल; तो जास्त तर चेंडू उंच), पिचिंग वेज (दोन्ही वेज जवळच्या उंच फटक्यांचे), नऊ आणि सात नंबरचे आयर्न, पाच नंबरचा हायब्रिड (आयर्न आणि वूडच्या मधला) आणि एक फेअरवे वूड (लांब फटक्याचं, मोठ्या डोक्याचं), तेही तीन नंबरचं नको, पाच किंवा सात नंबरचं. तीन नंबरचं वूड पंधरा अंशांच्या आसपास असतं, नवख्या हातून जमिनीवरचा चेंडू त्याने उचलला जात नाही. ड्रायव्हर (सगळ्यात लांब फटक्याची काठी) सहा महिन्यांनी. तोही साडेदहा अंशांचा नको, बाराच्या पुढचा बघा.

लवळेवाला

मुठेकाठचा यांच्याशी मी अजिबात सहमत नाही. ते नेहमी हेच सांगतात, आणि त्यांचं ऐकून माझ्या ओळखीच्या दोघांनी दोन महिने उसन्या काठीने खेळून तिसऱ्या महिन्यात गोल्फच सोडलं.

उसन्या वस्तूशी जीव जडत नाही हो. स्वतःची पिशवी दारामागे उभी असली की पहाटे साडेपाचला पाय आपोआप बाहेर पडतात. नवख्यांसाठी जे बॉक्स सेट मिळतात (कॅलवेचा स्ट्राटा, विल्सनचा प्रोफाइल, आपल्याकडे डेकॅथलॉनचा इनेसिस) त्यांत सगळे क्लब एका घरातले असतात. वजन, दांडी, तोल एकसारखा. सुटे सुटे गोळा केलेत तर प्रत्येक क्लब हातात वेगळाच लागतो आणि आपली चूक की काठीची हेच कळत नाही.

शिवाय भाऊ काही दर महिन्याला येत नाही. आणि पुण्याजवळच्या आमच्या लवळ्याच्या कोर्सवर चढउतार इतके की सात क्लबांवर भागवायचं म्हटलं तर दर दुसऱ्या होलला हात चोळत उभं राहाल. चढावर अंतर लागतंच.

मुठेकाठचा

लवळेवाला, त्या दोघांनी खेळ सोडला तो उसन्या काठीमुळे नाही, शिक्षक न लावल्यामुळे. हे तुम्हालाही माहीत आहे. :)

आणि ताई पहिल्या वर्षी तुमच्या लवळ्याच्या ऑक्सफर्ड कोर्सवर अठरा होल खेळणार आहेत का? रेंज आणि फार तर नऊ होल.

भाऊ_येरवडेकर

ताई, मी येरवड्याचा. पोरगा असल्यापासून पंधरा वर्षं कॅडी होतो, आता सायकलचं दुकान आहे. लिहायची फार सवय नाही, चूकभूल माफ करा.

पिशवी आमच्या खांद्यावर असायची, त्यामुळे कोणती काठी बाहेर येते आणि कोणती नुसती फिरून घरी जाते हे मालकापेक्षा आम्हाला जास्त माहीत. नवीन माणसाच्या पिशवीतनं पहिलं वर्षभर चारच काठ्या निघतात. सात, पिचिंग, पटर आणि एक कुठलंतरी वूड. तीन नंबर आयर्नवरचं कंपनीचं प्लास्टिक वर्षानंतरही तसंच, असे सेट मी डोळ्यांनी बघितलेत.

दुसरं सांगतो. लोक ड्रायव्हरला लाख विचार करतात आणि पटर जो मिळेल तो. पार ७२ चा कोर्स (म्हणजे अठरा होल ७२ फटक्यांत अपेक्षित) असेल तर त्यात ३६ फटके पटरचेच धरलेले असतात, दर होलला दोन. म्हणजे अर्धा खेळ त्या एका काठीचा. पटर घेताना हातात धरून, खाली वाकून, डोळा बरोबर चेंडूच्या वर येतो का ते बघा. तुमच्या उंचीला ३५ इंची पटर लांब होणार. कोपर बाहेर येतं आणि पोटात खुपतो. ३३ च्या आसपासचा बघा.

तिसरं. सेटपेक्षा आधी सरांची फी भरा.

चहाबाज

भाऊ, ‘लिहायची सवय नाही’ म्हणून इतकं मुद्देसूद! तुम्ही वेगळा धागा काढाच. पंधरा वर्षांत पाहिलेलं सगळं वाचायला आवडेल.

रानजाई

मी या धाग्याची वाटच बघत होते. पाषाणपाखरू, ‘लेडीज सेट घ्या, डोळे झाकून’ हे वाक्य मीही ऐकलंय आणि डोळे झाकून ऐकलंही. फिकट जांभळा, दिसायला सुरेख. आठ महिन्यांत विकला.

‘लेडीज’ म्हणजे नेमकं काय ते समजून घ्या. दांडी पुरुषांच्या क्लबपेक्षा साधारण एक इंच आखूड, हलकी, सगळ्यात मऊ (एल फ्लेक्स), आणि ग्रिप (मूठ) बारीक. आखूडपणा आपल्या उंचीला बहुतेकदा चालतो. पण मऊपणा उंचीवर ठरत नाही, तुम्ही किती जोरात फिरवता त्यावर ठरतो. एल नंतर ए, म्हणजे ज्याला दुकानात सीनियर म्हणतात तो, मग रेग्युलर, मग स्टिफ. मी शाळा-कॉलेजात गोळाफेक करायचे, माझ्या स्विंगला एल दांडी म्हणजे उसाचं ओलं कांडं. फटका उंच जायचा आणि डावीकडे वळायचा, आणि मी वर्षभर माझ्या हातांनाच दोष देत बसले. तुम्ही बॅडमिंटनच्या. तुमचं मनगट आणि खांदा दुकानदाराच्या अंदाजापेक्षा नक्की वेगवान असणार. एल आणि ए दोन्ही मारून बघितल्याशिवाय हो म्हणू नका.

स्टीलच्या नादी मात्र लागू नका. स्टीलची दांडी शंभर-सव्वाशे ग्रॅमची, हलकं ग्रॅफाइट पन्नास-साठचं. तासभराच्या सरावानंतर खांद्याला तो फरक कळतो.

आणि अंतराची भीती घालणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. आपली गोल्फपटू अदिती अशोक टोकियो ऑलिम्पिकमध्ये कोणाच्या बरोबरीने खेळत होती आठवतंय ना? ७ ऑगस्ट २०२१, शनिवार, आमच्या घरी पहाटेपासून टीव्ही लागला होता. तिचा ड्राइव्ह (होलचा पहिला लांब फटका) शर्यतीतल्या बाकीच्यांच्या कितीतरी मागे पडत होता. ती लांबून वूड आणि हायब्रिडने ग्रीन (होलभोवतीची बारीक हिरवळ) गाठायची आणि पटरने वाचवायची. चौथी आली, पदक एका फटक्याने गेलं. कॅडी कोण, तर तिची आई. मी त्या दिवशी रडले होते आणि आज लिहितानाही गळा दाटून येतो.

लवळेवाला

रानजाई, तो शनिवार कोण विसरेल! संध्याकाळी नीरज चोप्राचा भालाही त्याच दिवशी. आणि पुरुषांत आपल्या पुण्याचा उदयन माने होता त्या ऑलिम्पिकला, त्याचंही नाव इथे यायलाच हवं.

फ्लेक्सचं पटलं. बॉक्स सेटमध्ये तो पर्याय बहुधा नसतो, हे मी लिहायला हवं होतं.

डावखुरा

इथे कोणी डावरं आहे का? मला हाफ सेट शोधायला सात महिने लागले. दुकानात विचारलं की आधी माझ्याकडे बघतात, मग कपाटाकडे, मग घड्याळाकडे.

चहाबाज

डावखुरा, डावऱ्या हाताने खेळणारा प्रसिद्ध गोल्फपटू फिल मिकलसन मूळचा उजवा. वडिलांसमोर उभं राहून आरशातल्यासारखी नक्कल करत शिकला, म्हणून डावा झाला. तुम्ही एखाद्या डावऱ्यासमोर उभे राहून उजवे व्हा, लगेच सेट मिळेल.

धातुशास्त्री

दोन तांत्रिक गोष्टी. कोणीतरी नीट सांगायला हव्यात.

पहिली, आयर्नच्या पाठीबद्दल. एक प्रकार ब्लेड, म्हणजे सपाट पाठीचा एकसंध लोखंडी तुकडा. दुसरा कॅव्हिटी बॅक, पाठ आतून कोरलेली आणि ते वजन कडांना नेलेलं. कार्स्टन सोलहाइम नावाच्या इंजिनियरने १९५९ मध्ये कॅलिफोर्नियात घराच्या गॅरेजमध्ये असा एक पटर बनवला. वजन दोन टोकांना, मध्ये पोकळ. चेंडूला लागला की ‘पिंग’ असा आवाज यायचा, त्यावरून कंपनीचं नाव पिंग. तेच तत्त्व पुढे आयर्नमध्ये आलं.

ते काम कसं करतं? डोंबाऱ्याच्या खेळात दोरीवर चालणाऱ्या मुलीच्या हातात लांब बांबू असतो, आठवा. वजन टोकांना असल्यामुळे तो पटकन पिळत नाही आणि तिला सावरायला वेळ मिळतो. चेंडू क्लबच्या मधोमध न लागता कडेला लागला की क्लबचं डोकं पिळलं जातं आणि चेंडू भरकटतो. वजन कडांना असेल तर ते कमी पिळलं जातं. नवख्याचे दहातले आठ फटके कडेलाच लागतात. म्हणून कॅव्हिटी बॅक, यात वाद नको.

दुसरी गोष्ट, आकड्यांवर विसंबू नका. क्लबवर ‘सात’ लिहिलेलं असतं, अंश लिहिलेले नसतात. जुन्या सात नंबरचा लॉफ्ट ३५ अंशांच्या आसपास असायचा, आता नवख्यांच्या सेटमध्ये तो ३० किंवा त्याहूनही कमी असतो. तेवढ्याने चेंडू लांब जातो आणि दुकानातच गिऱ्हाईक खूश होतं. पण त्याच सेटचा पिचिंग वेज ४३-४४ अंशांवर येऊन बसतो आणि पुढे सँड वेज थेट ५६. मध्ये बारा अंशांचं भगदाड. एरवी दोन क्लबांत चार-पाच अंशांचं अंतर असतं. सेट घेताना अंशांचा तक्ता मागा. भगदाड दिसलं तर पुढेमागे ५० चा एक वेज घ्यायचा हे मनात ठेवा.

पाषाणपाखरू

किती मनापासून लिहिताय सगळे! दोनदा वाचलं, वहीत उतरवून घेतलं.

काल संध्याकाळी एक उद्योग केला. मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजायचं असतं असं वाचलं होतं. बूट घालून भिंतीला पाठ लावून सरळ उभी राहिले, हात सैल सोडले. आईने शिवणाच्या डब्यातली टेप काढली, मनगटाच्या घडीवर अंगठ्याने धरली आणि खाली सोडली. ३१ इंच. आईने दोनदा मोजलं, कारण तिचा पहिल्या मापावर कधीच विश्वास नसतो. मग विचारलं, “हे कोणासाठी, पंजाबीला?” गोल्फच्या काठीसाठी म्हटल्यावर तिसऱ्यांदा मोजलं.

हे माप कुणाला दाखवू? आणि कर्नलकन्या तुम्ही इथे आहात ना अजून? एका जुन्या धाग्यात तुम्ही वडिलांच्या सेटबद्दल लिहिलं होतं.

रानजाई

आईंना नमस्कार सांगा! हे माप आणि उंची शिकवणाऱ्या सरांना सांगा, लांबी ठरवायला सुरुवात म्हणून पुरतं. पुढचं फटका मारूनच कळतं.

कर्नलकन्या

आहे, आहे.

बाबांचा सेट म्हणजे १९७० च्या दशकातले ब्लेड. बाबा पुण्याच्या रेसकोर्सच्या आतल्या आर.एस.आय.च्या (लष्करी क्लबच्या) कोर्सवर खेळायचे. मी शाळेतून आले की कठड्याशी उभी राहून त्यांची वाट बघायची. ते गेल्यानंतर मी शिकायचं ठरवलं तेव्हा सगळ्यांनी सांगितलं की या काठ्यांवर शिकू नकोस. मी ऐकलं नाही. बाबांच्या हातांनी गुळगुळीत झालेल्या त्या ग्रिप मला सोडवत नव्हत्या.

डिसेंबरात सकाळी साडेसहाला, थंडीत, ब्लेडच्या टोकाला चेंडू लागला की काय होतं ते सांगते. कोपरापर्यंत झिणझिण्या येतात, बोटं दोन मिनिटं आपली राहत नाहीत. मधला गोड भाग जेमतेम एका नाण्याएवढा. धातुशास्त्रींनी सांगितलेला बांबू त्यात नाहीच. शिवाय बाबा ५ फूट ११ इंच, मी ५ फूट ४. काठी मला लांब, म्हणून मी नकळत सरळ उभी राहायला लागले. ती खोड मोडायला सरांना वर्ष लागलं.

शेवटी स्वतःच्या मापाचा वापरलेला कॅव्हिटी बॅक हाफ सेट घेतला. बाबांचा पटर तेवढा ठेवला, खालून दोन इंच कापून घेतला. आजही तोच वापरते. पटरला वय नसतं.

पाषाणपाखरू, मायेने दिलेली वस्तू नाकारणं जड जातं. पण दुसऱ्याच्या मापाच्या काठीवर शिकू नका.

प्रश्नचिन्ह

विषयांतराबद्दल माफी. पुण्यात अर्ध्या शहराला टँकर लागतात, त्यात या हिरवळीला लागणाऱ्या पाण्याचं काय? हा खेळ इथे वाढावा असं तुम्हाला खरंच वाटतं?

मुठेकाठचा

प्रश्न रास्त आहे आणि खेळणाऱ्यांनी तो टाळू नये. कोर्सवर सांडपाणी शुद्ध करून वापरावं आणि कडेचा रफ (न कापलेलं उंच गवत) पावसावर सोडावा, असं मला ठामपणे वाटतं. वेगळा धागा काढा, मी येतो. इथे ताईंचा सेट राहून जाईल.

हडपसरी

एक सावधगिरीची सूचना. मी ऑनलाइन जाहिरात बघून नामांकित कंपनीचा ‘कोरा’ सेट निम्म्याहून कमी किमतीत घेतला. विकणारा गोड बोलायचा. तिसऱ्या आठवड्यात रेंजवर ड्रायव्हर फिरवला आणि डोकं दांडीतून सुटून चेंडूच्या पुढे गेलं. शेजारच्या कप्प्यात एक लहान मुलगा होता. त्याला लागलं असतं तर काय, हा विचार अजून झोपेत येतो.

नंतर जाणकाराने दाखवलं. अक्षरांतला रंग कडेला पसरलेला, दोन आयर्नचं वजन उलटसुलट, ग्रिपला रबराचा उग्र वास, आणि डोकं दांडीला मिळतं तिथे जो अनुक्रमांक कोरलेला असतो तो गायब. कंपनीला विचारल्यावर कळलं, माल नकली. वापरलेला सेट घ्या, बेलाशक घ्या, पण माणूस ओळखीचा आणि वस्तू हातात घेऊन.

भाऊ_येरवडेकर

हडपसरी साहेब, बरोबर बोललात. अजून एक, गाडीच्या डिकीत पिशवी ठेवू नका, मे महिन्यात तर अजिबात नको. डोकं दांडीला चिकटवलेलं असतं, तो गोंद उन्हाने सैल होतो. पावसात खेळून आलात तर वूडच्या टोप्या काढून वाळवायच्या आणि स्टीलची दांडी कोरड्या फडक्याने पुसायची.

पाषाणपाखरू (२६ नोव्हेंबर)

ताजी खबर. मी सरांचा सहा तासिकांचा कोर्स लावला आणि दुसऱ्याच तासाला त्यांना हा सगळा गोंधळ सांगितला.

त्यांनी काही बोलायच्या आधी खिशातून फळ्यावर लिहायचा मार्कर काढला. चेंडूवर एक जाड रेघ ओढली आणि रेघ क्लबच्या बाजूला येईल असा चेंडू उभा ठेवला. आधी मैत्रिणीच्या यजमानांचा सात नंबर मारायला दिला. फटका मारून क्लब उलटा धरला तर रेघेची शाई लोखंडावर उमटलेली, चक्क तिरकी, आणि मधोमध नाही, टाचेकडे. पाच फटके, पाचही तसेच. चेंडू डावीकडे. सर म्हणाले, “काठी तुम्हाला लांब आहे. तिचं नाक वर राहतंय.” मग इंचभर आखूड काठी दिली. तीच मी, तोच फटका, आणि रेघ जवळजवळ उभी उमटली. मी त्या शाईकडे बघतच राहिले. इतके दिवस मी स्वतःवर चिडत होते!

मग एल आणि ए. रानजाई, तुम्ही म्हणालात तस्संच. एलने चेंडू उंच आणि डावीकडे, एने बुटका पण सरळ. वीस-वीस चेंडू मारले. ए ठरला.

म्हणजे लांबी लेडीज आणि दांडी सीनियर. असा तयार बॉक्स दादाला दुकानात मिळणार नाही. सरांच्या ओळखीच्या एक बाई खेळ वाढवून नवीन सेट घेतायत, त्यांचा सात क्लबांचा कॅव्हिटी बॅक सेट नेमका असाच बांधून घेतलेला आहे. किंमत १८ हजार, पिशवीसकट. तपासून झालाय, अनुक्रमांक आहेत. ग्रिप मात्र पार कडक झाल्यात, हात सटकतो.

मुठेकाठचा

घ्या. आजच घ्या.

लवळेवाला

घ्या. हे माझंही मत. स्वतःचा सेट दारामागे उभा राहतोय हे महत्त्वाचं, नवा की जुना ते नाही.

पाषाणपाखरू

घेणार आहे. पण एक अडचण आहे आणि ती काठीची नाही.

काल दादाला फोन केला. तो गप्प झाला. मग म्हणाला, “परत जुनंच का?” मला आधी कळेना. मग आठवलं. आम्ही लहान असताना नवी रॅकेट यायची ती त्याला आणि त्याची जुनी मला. विद्यापीठाची निवड चाचणीसुद्धा मी त्याच्या जुन्या रॅकेटने खेळले. मला त्याचं कधी काही वाटलं नाही, मला ती रॅकेट आवडायची. पण त्याच्या मनात ते तीस वर्षं राहिलंय. त्याला मला एक कोरी करकरीत वस्तू द्यायची आहे. आता त्याला काय सांगू? कालपासून हाच धागा डोक्यात फिरतोय.

कर्नलकन्या

हे वाचून डोळे भरले. पटर नवीन मागवा त्याच्याकडून. ३३ इंचांचा मोठ्या सुटकेसमध्ये तिरका मावतो.

रानजाई

पटर छानच. पण अजून एक सुचतंय, ग्रिप मागवा! सगळ्याच्या सगळ्या नव्या. वजन नाही, जागा लागत नाही, आणि तुम्ही काठीला जिथे हात लावणार तो प्रत्येक इंच दादाने आणलेला असेल. माप नीट सांगा. डाव्या हाताने ग्रिप धरली की मधलं बोट आणि करंगळीशेजारचं बोट तळव्याला जेमतेम टेकायला हवं. तळव्यात रुतलं तर ग्रिप बारीक, पोहोचलंच नाही तर जाड.

भाऊ_येरवडेकर

ग्रिप घरी बसवता येते ताई, दुकानाची गरज नाही. दोन बाजूंनी चिकटणारी पट्टी आणि थिनर पाहिजे. मी सायकलच्या हँडलला अशाच बसवायचो. खिडकी उघडी ठेवा, गॅसजवळ करू नका.

पाषाणपाखरू (१५ डिसेंबर)

दादा शुक्रवारी आला. सुटकेस उघडल्यावर आधी पटर निघाला, मग मोज्यांत गुंडाळलेल्या सहा ग्रिप. पटरला त्याची स्वतःची आहेच.

काल दुपारी गच्चीत बसलो. दादाने जुनी ग्रिप सुरीने उभी चिरली. धार बाहेरच्या बाजूला ठेवून, अंगाकडे ओढायची नाही, हे भाऊंनी पाठवलेल्या फोटोखाली लिहिलं होतं म्हणून बरं झालं. खालची जुनी पट्टी खरवडायला सगळ्यात जास्त वेळ गेला, एकेका काठीला वीस मिनिटं. आईने उलथणं आणून दिलं आणि नंतर ते परत स्वयंपाकघरात घेतलं नाही. नवी पट्टी गुंडाळली. ग्रिपचं वरचं भोक बोटाने बंद करून आत थिनर ओतलं, हलवलं, तेच पट्टीवर सांडलं आणि एका दमात ग्रिप आत ढकलली. मधे थांबलं की अडकते. पहिली अर्ध्यावर अडकली, चिरून काढावी लागली, म्हणजे आता एक कमी आहे आणि नऊ नंबरला जुनीच ग्रिप आहे. दुसरीपासून जमलं. बसवल्यावर मिनिटभर ती फिरवता येते, तेवढ्यात क्लबचं तोंड आणि ग्रिपवरची खूण एका रेषेत आणायची. ते दादा डोळा बारीक करून करत होता, लहानपणी रॅकेटचं जाळं बघायचा तसाच.

पाच क्लब भिंतीला टेकवून ठेवलेत. त्याला उद्या रेंजवर यायचंय. आज रात्रीच हातात घेऊन बघितले तर चालतील का?

भाऊ_येरवडेकर

नाही ताई. सकाळपर्यंत हात लावू नका, ग्रिप फिरेल. आणि नऊ नंबर दुकानात घेऊन या, माझ्याकडे एक नवी ग्रिप पडून आहे.